वाकून वाढलेला भात

आमच्या लग्नाला छत्तीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत ह्यांनी आपल्या आजोबांविषयी मला कधी काही सांगितले नव्हते. घरात भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली सासऱ्यांचा फोटो आहे, आजोबांचा नाही. विचारले की, "त्यांचा फोटो कोण काढणार?" एवढेच उत्तर मिळायचे. त्या आजोबांची गोष्ट मला कळली ती लाओस देशातल्या लुआंग प्रबांग नावाच्या गावी, भर बाजारात, आणि तीही आम्हा दोघांचा अबोला झाल्यानंतर. ती सांगण्यासाठी हा लेख लिहायला बसले आहे.

हे एस.टी. डेपोत मेकॅनिक होते, २०२३ साली निवृत्त झाले. मी अंगणवाडी सेविका आहे. बोधगया, सारनाथ, कुशीनगर आम्ही वस्तीतल्या मंडळींबरोबर बस करून पाहिले. नागपूरची दीक्षाभूमी तर नेहमीचीच. निवृत्तीनंतर मुलगी म्हणाली, "आई, आता तुम्ही दोघंच कुठं तरी जा. टूरवाल्याच्या झेंड्यामागं पळू नका. पाठीवर पिशवी टाका, आवडेल तिथं उतरा." तिने आपल्या पगारातून बँकॉकपर्यंतची विमानाची तिकिटे काढली आणि पाठीवर घ्यायच्या दोन मोठ्या पिशव्या आणून दिल्या. हे म्हणाले, "ह्या वयात दप्तर घेऊन हिंडायचं?" पण पिशवी घेतली. मी तिच्यात दोन साड्या, तीन पंजाबी ड्रेस, चिवडा आणि लसणाच्या चटणीची बरणी भरली.

जानेवारी २०२४ ची गोष्ट. बँकॉकहून रेल्वेने चियांग माई, तिथून बसने थायलंडची सरहद्द, मेकाँग नदीवरचा पूल ओलांडून लाओसमधले हुआय साय, आणि तिथून होडीने दोन दिवस. होडी म्हणजे लांबलचक लाकडी नाव. बसायला जुन्या मोटारींतून काढलेल्या सीटा. मध्ये पाकबेंग या गावी रात्रीचा मुक्काम. होडीत बहुतेक गोरी तरुण मुलेमुली, आमच्या वयाचे जोडपे आम्हीच. ह्यांना मात्र कंटाळा आला नाही. पहिल्याच तासाला हे मागे इंजिनाजवळ जाऊन बसले आणि होडीवाल्याशी हाताच्या खुणांनी बोलू लागले. मेकॅनिकला मेकॅनिक भेटला की भाषा लागत नाही, हे मी तिथे पाहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लुआंग प्रबांग आले. मेकाँगला नाम खान नावाची लहान नदी येऊन मिळते, त्या दोघींच्या मधल्या जिभेसारख्या जमिनीवर हे जुने गाव वसले आहे. एके काळी ही राजधानी होती. १९७५ पर्यंत या देशात राजा होता, त्याचा राजवाडा आता वस्तुसंग्रहालय झाला आहे. एवढ्याशा गावात तीसेक विहार. तिकडे विहाराला 'वाट' म्हणतात. सगळ्यांत देखणे वाट शियेंग थोंग. ते १५६० च्या सुमाराचे आहे आणि त्याचे छप्पर जमिनीकडे इतके उतरते, की कोंबडीने पिलांवर पंख पसरावेत तसे वाटते. १९९५ साली युनेस्कोने हे गावच जागतिक वारशाच्या यादीत घातले. तेव्हापासून प्रवाशांची रीघ लागली. ३ डिसेंबर २०२१ पासून चीनकडून येणारी रेल्वेही सुरू झाली, मग गर्दी आणखी वाढली.

आम्ही एका गल्लीत साध्याशा घरगुती लॉजवर उतरलो. घरमालकीण माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. मी त्यांना आक्का म्हणू लागले आणि त्यांनीही ओ दिली. त्यांची सून मोडकेतोडके इंग्रजी बोलायची, आमचेही तसेच, त्यामुळे छान जमले.

लुआंग प्रबांगला येणारा प्रत्येक जण एक गोष्ट पाहतोच. पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास गावातल्या सगळ्या विहारांतले भिक्षू आणि श्रामणेर अनवाणी, ओळीने भिक्षेला निघतात. सर्वांत ज्येष्ठ पुढे, लहान मागे. लोक रस्त्याच्या कडेला चटई टाकून, गुडघे टेकून बसतात आणि प्रत्येकाच्या पात्रात चिकट भाताचा चिमूटभर गोळा घालतात. त्याला 'टाक बाट' म्हणतात. 'बाट' म्हणजे आपले पात्रच.

होडीतल्या मुलींनी मला त्याचे फोटो दाखवले होते. आपणही असा फोटो काढून घ्यायचा, वस्तीतल्या महिला मंडळाला आणि मुलीला पाठवायचा, हे मी तेव्हाच ठरवून ठेवले होते. पहिल्या पहाटे ह्यांना उठवून मोठ्या रस्त्यावर नेले. तिथे एक बाई धावतच आली. तिने माझ्या खांद्यावर एक पट्टा टाकला, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवले, हातात भाताची टोपली दिली आणि पन्नास हजार किप मागितले. एका रुपयाला अडीचशेच्या आसपास किप मिळायचे, म्हणजे दोनशे रुपये झाले. मी दिले. ह्यांच्या हातात मोबाईल देऊन म्हटले, "मी भात घालते तेव्हा बरोबर फोटो काढा हं."

मोटारी भरभरून माणसे येत होती. भिक्षूंची रांग दिसताच लोक उठून पुढे धावले. कुणी रांगेच्या अगदी आडवे जाऊन कॅमेरा धरला, कुणी लहान श्रामणेराच्या तोंडावर दिवा पाडला. ती पोरे खाली मान घालून चालत राहिली. मी भाताचे गोळे घालत होते, पण माझे सगळे लक्ष ह्यांच्याकडे. फोटो निघतोय की नाही? त्या गडबडीत एक गोळा पात्राच्या काठाला लागून रस्त्यावर पडला. समोरचा श्रामणेर दहा-बारा वर्षांचा असेल. तो क्षणभर थांबला, त्या गोळ्याकडे पाहिले आणि पुढे गेला.

मी मान वर केली तर हे जागेवर नव्हते.

रांग गेल्यावर मी शोधत शोधत नदीवर गेले. हे घाटाच्या पायरीवर बसले होते. मोबाईल माझ्या हातात दिला. एकही फोटो नव्हता. मला राग आला. म्हटले, "एवढ्या लांब आलो, दोनशे रुपये दिले, आणि तुम्हाला एक फोटो काढता आला नाही? तुमचं हे नेहमीचंच." नेहमीचे म्हणण्याचे कारण असे, की आमच्या वस्तीतल्या विहारात उन्हाळ्यात श्रामणेर शिबिर भरते. दहा दिवस चीवर घालायचे, शील पाळायचे, सकाळी पात्र घेऊन वस्तीत भिक्षाटन करायचे. ह्यांच्या बरोबरीच्या सगळ्यांनी एकदा तरी ते केले आहे. हे विहाराचे वायरिंग करतील, मांडव घालतील, रात्र रात्र जागतील, पण शिबिराला कधी बसले नाहीत. विचारले की म्हणायचे, "पात्र घेऊन दारोदार फिरणं मला जमायचं नाही." मी इतकी वर्षे तो हेकेखोरपणा समजत होते.

त्या दिवशी नदीवर हे काहीच बोलले नाहीत. आम्ही तसेच मुक्याने बाजाराकडे निघालो.

गल्ल्यांत सकाळचा बाजार भरतो. बायका जमिनीवर फडकी पसरून बसतात. हिरव्या मिरच्या, वांगी, केळफुले, सुकी मासळी. नदीतले शेवाळ वाळवून, वर तीळ पेरून केलेले कागदासारखे पापड. आपल्या बोंबील-सुकटीच्या बाजारात गेल्यासारखा वास. एका म्हाताऱ्या बाईपुढे सुपात काळपट लाल पट्ट्या मांडल्या होत्या, उन्हात वाळवलेल्या मांसाच्या. शेजारी रेड्याच्या कातडीचे वाळवलेले तुकडे. तिकडे ते मिरचीच्या चटणीत घालतात.

हे तिथे थबकले. वाकून एक पट्टी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "चान्या."

तरुण वाचकांना हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. गावात ढोर मेले की ते ओढून नेणे आपल्या लोकांच्या माथी होते. त्याचे मांस खाऊन उरेल ते पट्ट्या कापून, दोरीवर वाळवून पावसाळ्यासाठी ठेवायचे. त्या चान्या. त्या खातो म्हणून गाव आपल्याला हिणवायचे, आणि दुसरे काही खायला मिळू नये याची व्यवस्थाही गावच करायचे. लाओसमधले हे मांस मेलेल्या जनावराचे नव्हे, कापलेल्या रेड्याचे. तिथे ते सगळेच खातात, चवीने खातात आणि पाहुण्याला वाढतात. त्यावरून कुणाची जात ठरत नाही.

ती बाई हसून ह्यांना एक तुकडा चाखायला देत होती. ह्यांनी तो घेतला, तोंडात टाकला आणि तिथेच एका कट्ट्यावर बसले. मग बोलू लागले.

"आमचे आजोबा येसकर होते. पाळीच्या वर्षात दिवसभर गावाचं राबायचं. सांगावे पोचवायचे, मयताची बातमी घेऊन दहा-दहा कोस पळायचं. आणि संध्याकाळी घुंगराची काठी आणि टोपली घेऊन भाकर मागायची. अंगणाच्या बाहेर उभं राहून ओरडायचं. घरातली बाई ओट्यावर यायची आणि वरून भाकर टाकायची. शिवाशिव होऊ नये म्हणून वरून. कधी टोपलीत पडायची, कधी मातीत. मातीत पडलेली उचलायचं काम माझ्या वडिलांचं. ते तेव्हा आठ वर्षांचे होते."

मी गप्प होते.

"वडिलांनी मला हे एकदाच सांगितलं, मी आय.टी.आय.ला निघालो त्या दिवशी. म्हणाले, बाबासाहेबांचा निरोप गावात आला तेव्हा तुझ्या आजोबांनी काठी अन् टोपली चुलीत घातली. त्या वर्षी घरात कधी कधी चूलच पेटली नाही, पण पुन्हा कुणाच्या दारात उभे राहिले नाहीत. तू कधी हात पसरू नकोस." मग हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकाळी तुझ्या हातून तो गोळा रस्त्यावर पडला ना, तेव्हा त्या पोराच्या जागी मला वडील दिसले. मी कसा फोटो काढणार?"

१९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस आणि उष्टे-शिळे सोडायला सांगितले, हे आपण दरवर्षी भाषणांतून ऐकतो. मीही मंडळात त्यावर बोलले आहे. पण ज्या घरात ती टोपली जळली, त्याच घरात मी छत्तीस वर्षे नांदते आहे, हे मला त्या परक्या बाजारात कळले. मी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. भर बाजारात असा हात मी पहिल्यांदाच ठेवला असेन.

दुपारी आम्ही न फुटलेल्या बॉम्बची माहिती देणारे केंद्र पाहिले. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने या गरीब देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यांत चेंडूएवढे छोटे बॉम्बच सुमारे सत्तावीस कोटी, आणि त्यांतले तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. ते आजही शेतांत पडून आहेत. नांगर लागला, पोराने खेळणे समजून उचलले, की फुटतात. रात्रीच्या बाजारात त्या बॉम्बच्या ॲल्युमिनियमचे चमचे आणि कडी विकायला असतात. मी एक चमचा घेतला. आता तो माझ्या मिठाच्या बरणीत आहे.

संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या विहारात वंदना चालली होती. आम्ही मागे जाऊन बसलो. पहिल्यांदा काही कळेना. मग ह्यांनी माझा हात दाबला. उच्चार निराळे, 'बुद्धं'चे ते 'फुत्थं' म्हणत होते, पण होते आपले त्रिसरणच. आपल्या वस्तीत पोरासोरांना पाठ असलेले शब्द हजारो मैलांवर दुसऱ्याच चालीत ऐकले आणि अंगावर काटा आला. हे हात जोडून पुटपुटत होते.

वंदना संपल्यावर एक श्रामणेर अंगणात आमच्याजवळ आला. सोळा-सतरा वर्षांचा. प्रवाशांशी बोलून इंग्रजी सुधारायचे, ही तिथल्या मुलांची रीत आहे. तो शियेंग क्वांग भागातला. तिथे सर्वांत जास्त बॉम्ब पडले. वडील शेतकरी, पण सगळी जमीन कसता येत नाही. पाच भावंडांतला हा एकटा शिकतो. गावाकडे पुढचे शिक्षण परवडत नव्हते, म्हणून बारा वर्षांचा असताना चीवर घेतले आणि इथे आला. विहारात राहतो, विहारांच्या शाळेत जातो. कॉम्प्युटर शिकवणारा मास्तर व्हायचे आहे.

ह्यांनी विचारले, "जेवणाचं काय?"

तो म्हणाला, "सकाळी जे मिळतं ते सगळे मिळून खातो. दुपारी बारानंतर जेवण नाही. गावातले लोक जेवू घालतात म्हणून आम्ही शिकतो."

हे बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "मी पण वसतिगृहात शिकलो." त्याला ते कितपत कळले कोण जाणे. पण मला कळले. ह्यांचे वसतिगृहही धान्य-पैसे जमवूनच चालायचे. वर्गणीची पावती घेऊन मुले गावोगाव जायची. ते मागणे ह्यांना कधी लागले नाही, कारण ते शिकण्यासाठी होते आणि देणाराही आपलाच होता.

रात्री जेवताना आक्कांना मी सकाळची हकीकत सांगितली. माझी चूक लपवली नाही. सुनेने ती समजावून सांगितली तेव्हा आक्का हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, मोठ्या रस्त्यावर बसू नका, उद्या माझ्या दारात बसा. मग त्यांनी गल्लीकडे बोट दाखवले. पूर्वी इथे प्रत्येक घरापुढे चटई असायची. प्रवासी वाढले तशी माणसांनी घरे भाड्याने दिली आणि गावाबाहेर राहायला गेली. आता या गल्लीत चारच घरे भात वाढतात. "मी पण खोल्या भाड्यानं देते," त्या म्हणाल्या, "पण चटई उचलली नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला भांड्यांचा आवाज आला. उठून पाहते तर हे माझ्या आधीच स्वयंपाकघरात. आक्कांनी रात्री भिजवलेले चिकट तांदूळ बांबूच्या निमुळत्या टोपलीत घालून उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवले होते आणि हे चुलीत लाकूड सारत होते. भात झाला तसा त्यांनी तो झाकणाच्या बांबूच्या टोपल्यांत भरला. माझ्या डाव्या खांद्यावर पट्टा घातला. ह्यांना काही न विचारता एक टोपली ह्यांच्यापुढेही ठेवली.

आम्ही चपला काढून दारात चटईवर बसलो. गल्लीत अंधार, थंडी, कुठे आवाज नाही. मोबाईल वर खोलीत होते. रांग आली. पहिले म्हातारे भिक्षू आले. आक्कांनी टोपली कपाळाला लावली आणि गुडघ्यांवर बसून हात वर करून भात घातला. तेव्हा माझ्या लक्षात आले. इथे देणारा खाली असतो आणि घेणारा वर. देणाऱ्याचा हात खालून वर जातो. घेणारा आभार मानत नाही, मान लववत नाही, ओरडत तर नाहीच. तो फक्त पात्राचे झाकण उघडतो. त्याने आपले घेतले हीच देणाऱ्यावर मेहेरबानी.

मी शेजारी पाहिले. ह्यांचे दोन्ही गुडघे जमिनीला टेकलेले होते. एस.टी.च्या गाड्यांखाली पस्तीस वर्षे निजून काम केलेल्या त्या गुडघ्यांना ते सोपे नव्हते. हात थरथरत होता, पण एकही शीत खाली सांडले नाही.

रांगेच्या शेवटी, गल्लीच्या वळणावर, फाटका स्वेटर घातलेली एक मुलगी गुडघे टेकून बसली होती. तिच्यापुढे रिकामी प्लॅस्टिकची टोपली. मला वाटले, हीसुद्धा वाढायला बसली आहे. पण रांग तिच्यापाशी पोचली तसे एकेका श्रामणेराने आपल्या पात्रातला थोडा भात, बिस्किटाचा पुडा, केळे तिच्या टोपलीत घातले आणि पुढे गेला. कालचा तो सोळा-सतरा वर्षांचा पोरगाही त्यात होता. कुणी थांबले नाही, कुणी काही बोलले नाही. टोपली भरली, मुलगी उठली आणि घरी गेली.

हे त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. म्हणाले, "आमच्या आजोबांच्या शेजारी एक विधवा बाई राहायची, तिला तीन पोरं. आजोबा टोपली घेऊन आले की आधी तिच्या दारात जायचे. हे वडिलांनी सांगितलं होतं. मी विसरलो होतो. मला फक्त मातीत पडलेली भाकर लक्षात राहिली."

आक्कांनी 'साथु' म्हटले. आपण विहारात म्हणतो तेच 'साधु'. मग त्यांनी तांब्यातले थोडे पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतले. मेलेल्या माणसांना पुण्य पोचावे म्हणून तसे करतात. त्यांनी तांब्या ह्यांच्यापुढेही धरला. ह्यांनी हात जोडून नको म्हटले. श्राद्ध-पिंडदान आपण बावीस प्रतिज्ञांत सोडले, ते ह्यांनी तिथेही धरले नाही. आक्कांना वाईट वाटले नाही. आजोबांना पाणी मिळाले नाही, पण त्यांच्या नातवाने वाढलेला भात सोळा-सतरा पोरांच्या पोटात गेला.

तिथले सगळेच मला पटले असे नाही. बाईने भिक्षूला स्पर्श करायचा नाही, हा नियम मला खटकला आणि तसे मी आक्कांच्या सुनेला बोललेही. मोठ्या रस्त्यावर भात विकणाऱ्या बायकांनाही मी दोष देत नाही. त्यांचीही पोटे आहेत. दोष माझा होता. मी वाढत नव्हते, मी स्वतःचा फोटो काढून घेत होते. भाकर वरून टाकणाऱ्या बाईला निदान आपण फार मोठे पुण्य करतो आहोत असे तरी वाटत नसेल.

कुणी कधी तिकडे गेलात तर एवढे करा. वाढायचे मनापासून असेल तरच बसा. भात रस्त्यात विकत घेऊ नका, आदल्या दिवशी घरमालकिणीला सांगून ठेवा किंवा सकाळच्या बाजारातून ताजा घ्या. खांदे-गुडघे झाकलेले असू द्या. वाढायचे नसेल तर रस्त्याच्या पलीकडे शांत उभे राहा, दिवा पाडू नका. आणि मुलांना गोळ्या-चॉकलेट वाटण्याऐवजी 'बिग ब्रदर माऊस' या संस्थेच्या दुकानातून लाओ भाषेतली गोष्टींची पुस्तके घ्या. ती खेड्यांतल्या मुलांना द्यायची असतात. प्रवाशांनी बसून तिथल्या मुलांशी इंग्रजीत बोलावे अशीही सोय ती संस्था करते. आम्ही दोन संध्याकाळी बसलो. ह्यांनी एका मुलाला इंजिनाचे भाग इंग्रजीतून शिकवले. उच्चार दोघांचेही आमच्या डेपोतले.

निघताना आक्कांना मी लसणाच्या चटणीची बरणी दिली. त्यांनी चिकट भाताबरोबर चाखली, डोळ्यांत पाणी आले तरी परत घेतली. त्यांनी मला भाताची एक रिकामी बांबूची टोपली दिली.

उन्हाळ्यात आमच्या विहारात श्रामणेर शिबिर भरले. ह्यांनी नाव दिले नाही आणि मीही आता विचारले नाही. भिक्षाटनाच्या दिवशी हे पहाटे उठले, स्वतः भात लावला. आमच्या गल्लीत सगळे उंबऱ्यावर उभे राहून वाढतात, फोटोही काढतात. ह्यांनी दाराबाहेर चटई टाकली आणि गुडघे टेकून बसले. शेजारच्यांनी विचारले, "काका, पाय दुखतात का? खुर्ची आणू?" ह्यांनी मानेनेच नाही म्हटले.

पहिला श्रामणेर आमच्याच गल्लीतला, रिक्षावाल्याचा बारा वर्षांचा मुलगा. एरवी ह्यांना पाहिले की पळणारा. तो समोर येऊन बावरून उभा राहिला. काका खाली आणि आपण वर, हे त्याला कळेना. ह्यांनी त्या बांबूच्या टोपलीतून भात घेतला, हात वर केला आणि त्याच्या पात्रात घातला.

पोराने मान ताठ केली आणि पुढच्या दाराकडे गेला.